कोकणातल्या शाळेला शिक्षक मिळणं आणि टिकणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला, ग्रामसभेत, मुंबईहून आलेल्या मंडळाच्या बैठकीत आणि हल्ली तर रोज व्हॉट्सअपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. डोळ्यासमोर मुख्यतः रत्नागिरी नि सिंधुदुर्गातल्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा आहेत, रायगडच्या म्हसळा-पोलादपूरकडे पण बरंचसं लागू पडेल. नियम बदलत राहतात, तेव्हा कुठलाही अर्ज करायच्या आधी चालू जीआर (शासन निर्णय) काढून वाचा. माझं मत आधीच सांगून टाकतो, भरती काही आपण करत नाही, ती वरून होते, पण आलेल्या शिक्षकाचं पहिलं वर्ष कसं जातं हे बऱ्यापैकी गावावर असतं आणि आपलं नेमकं तिकडेच लक्ष नसतं.

आमच्या शाळेत मंजूर पदं दोन आहेत, शिक्षक एकच आहे. असं का?

मंजूर पद नि भरलेलं पद यात फरक आहे. शिक्षक रिटायर होतात, बदली होऊन जातात, आणि त्यांच्या जागी माणूस यायला पुढची भरती व्हायला लागते, ती दरवर्षी होत नाही. आपल्याकडे तर आणखी एक गोष्ट आहे. कोकणात नेमणूक झालेले बरेच शिक्षक बीड, लातूर, सोलापूर, जळगाव, कोल्हापूर, सांगली अशा बाहेरच्या जिल्ह्यातले असतात. इथे जागा रिकाम्या होत्या म्हणून आले, नोकरी लागली, आणि चार-पाच वर्षांनी आंतरजिल्हा बदली घेऊन घरी गेले. २०२३ मध्ये रत्नागिरीतून असे शेकडो शिक्षक एकदम गेले आणि जूनमध्ये कित्येक शाळा उघडल्या तेव्हा वर्गात मुलं होती नि गुरुजी नव्हते. मग शेजारच्या शाळेतला शिक्षक ‘कामगिरीवर’, म्हणजे तात्पुरता, पाठवला, म्हणजे एक भोक बुजवायला दुसरं पाडलं.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे, त्याच्या कलम २६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत. तुमच्या दोन पदांच्या शाळेत एक रिकामं म्हणजे ५० टक्के झालं. निवेदन देताना हे कलम लिहा. नुसतं ‘आमच्या मुलांचे नुकसान होत आहे’ एवढं लिहिलेली निवेदनं फायलीत पडून राहतात.

संचमान्यता म्हणजे नक्की काय? पट कमी झाला की शिक्षक काढून घेतात हे खरं का?

खरं आहे. संचमान्यता म्हणजे तुमच्या शाळेला किती शिक्षक मंजूर, हे दरवर्षी पटावरून ठरवतात ते. कायद्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेत, त्यापुढे ३० मुलांमागे एक असं चालतं, सहावी ते आठवीला ३५ ला एक. पण राज्याचे संचमान्यतेचे निकष वेगळे जीआर काढून बदलत असतात, १५ मार्च २०२४ च्या जीआरने तर छोट्या पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांची पदंच धोक्यात आली म्हणून सगळीकडे आंदोलनं झाली.

आता समितीने काय करायचं ते बघा. हा पट यूडायस प्लसवर (शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर) ३० सप्टेंबरला असलेल्या मुलांवरून धरतात आणि त्यात आधार जुळलेलीच मुलं मोजली जातात. म्हणजे वर्गात २२ पोरं बसलेली असली आणि तिघांच्या आधारवर नावाचं स्पेलिंग नाहीतर जन्मतारीख वेगळी असली तर कागदावर १९. अशी मुलं आमच्याकडे दर शाळेत निघतात, आडनाव गावावरून की कुळावरून यातच घोळ, कुणाच्या आईचं नाव माहेरचं. जुलैमध्ये भाताची लावणी असते, कुणाला वेळ नसतो हे कबूल, पण ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी एक दिवस काढून समितीच्या दोघांनी प्रत्येक मुलाचं आधार नि शाळेचं रजिस्टर शेजारी ठेवून तपासा, ज्यांचं चुकतंय त्या पालकांना तालुक्याच्या आधार केंद्रावर घेऊन जा. हे काम एकट्या शिक्षकावर टाकू नका. दोन मुलांच्या आधारपायी एक पद गेलेलं परत आणणं फार अवघड असतं.

पण मुळात मुलंच कमी झालीत त्याला काय करणार?

हे दुखणं जुनं आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाख होती, २०११ ला १६.१५ लाख झाली. सिंधुदुर्गाची पण कमीच झाली. राज्याची वाढत असताना आपली घटली. माणसं मुंबई, पुणे, गोवा इकडे गेली, पोरं तिकडच्या शाळेत. त्यात जी आहेत त्यांना नाक्यावरच्या इंग्लिश मीडियमची व्हॅन दारात येते. व्हॅनवाल्याला शिव्या घालून उपयोग नाही. पालक विचारतात की तुमच्या शाळेत एकच शिक्षक चार वर्ग बघतो तर माझ्या पोराला शिकवणार कधी, आणि त्यांचं चुकत नाही. शिक्षक कमी म्हणून पट घटतो, पट घटला म्हणून शिक्षक कमी, हे चक्र कुठून तोडायचं तर शिक्षकाच्या बाजूनेच, कारण पालकाला आधी शिक्षक दिसायला लागतो.

आमची १२ मुलांची शाळा बंद करणार का?

२०२३ मध्ये २० पर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या अशा प्रस्तावांची चर्चा खूप झाली, त्यावर विरोध पण झाला. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला पाहिजे असं शिक्षणहक्काच्या नियमात आहे. आपल्याकडे नकाशावर एक किलोमीटर दिसतं आणि मधे वहाळ (ओढा) असतो, जुलैमध्ये साकवावरून पाणी जातं, सहा वर्षांचं पोर कसं जाणार. तुमच्या वाडीचा प्रश्न आला तर हे अंतर पायवाटेने, पावसाळ्यातल्या वाटेने मोजून, फोटोसकट ग्रामसभेच्या ठरावात घाला.

माझं स्वतःचं मत थोडं वेगळं आहे नि ते काही जणांना आवडत नाही. दोन-तीन मुलांची शाळा, जिथे मुलाला बरोबरीचं खेळायला कुणी नाही, ती अडीच किलोमीटरवरच्या चांगल्या शाळेत गाडीची पक्की सोय करून जोडली तर मुलाचं भलंच होतं. पण आधी गाडी, मग जोडणी. उलट करायला देऊ नका.

शिक्षक व्हायचंय, भरती कशी होते? (डीएड झालेल्या पोरापोरींसाठी)

तीन पायऱ्या आहेत. पहिली डीएड, ज्याला आता डीएलएड म्हणतात. दुसरी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पहिली ते पाचवीला पेपर एक आणि सहावी ते आठवीला पेपर दोन, १५० मार्कांचा पेपर, पास व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५. ही एकदा पास झालात की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, २०२१ मध्ये तसा निर्णय झाला, आधी ते सात वर्षांनी संपायचं. तिसरी टेट, नावं सारखी वाटतात म्हणून लोक गोंधळतात, ही अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० मार्कांची, दोन तासांची, ऑनलाइन. टीईटीने तुम्ही पात्र होता, टेटच्या मार्कांवर नंबर लागतो.

मग पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी साइटवर, स्वप्रमाणपत्र भरायचं, जाहिराती आल्या की प्राधान्यक्रम द्यायचे. जिल्हा परिषदेच्या जागा मुलाखतीशिवाय भरतात, खासगी संस्थांपैकी काही मुलाखतीसह. टेट २०१७ ला झाली, त्यानंतर थेट २०२३, मग २०२५. मधे पाच वर्षांहून जास्त काळ गेला बघा. त्यामुळे ‘जाहिरात आली की अभ्यासाला लागू’ असं म्हणणारी आमच्याकडची पोरं मागे पडतात आणि लातूर-बीडकडची वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसलेली पोरं पुढे जातात, त्यात त्यांची काही चूक नाही, मेहनतच आहे ती. प्राधान्यक्रम देताना घाई करू नका, लॉगिन दुसऱ्याच्या हातात देऊ नका, सायबर कॅफेवाल्याच्या तर नाहीच.

बीएड केलंय, पहिली ते पाचवीला चालेल का?

नाही. सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२३ ला हे नक्की केलं. प्राथमिकच्या खालच्या वर्गांना डीएड-डीएलएडच लागतं.

कोकणातल्या भरतीत स्थानिकांना प्राधान्य का देत नाहीत? आमचीच पोरं घ्या ना!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रागाने येतो. राग समजतो. इथली मुलगी डीएड होऊन काजूच्या फॅक्टरीत पॅकिंग करते आणि शाळेत सहाशे किलोमीटरवरून आलेला शिक्षक परत जायचे दिवस मोजतोय, हे बघवत नाही. पण राज्यघटनेच्या कलम १६ मध्ये सरकारी नोकरीत जन्मस्थान नि रहिवास यावरून भेदभाव करता येत नाही असं आहे आणि रहिवासाची अट घालायचा अधिकार फक्त संसदेला आहे. जिल्हा परिषदेने ठराव केला, पालकमंत्र्यांनी घोषणा केली तरी कायम भरतीत ते कोर्टात टिकणं कठीण. तात्पुरत्या मानधनावर स्थानिक डीएडवाल्यांना घेता येतं, रत्नागिरीत २०२३ ला ते केलं पण. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांवर १५ हजार मानधनाने कंत्राटी शिक्षक घ्यायचा निर्णय झाला होता, पुढच्या वर्षी सुरुवातीलाच तो रद्द झाला. म्हणजे या वाटेने पोरांना खात्री काहीच मिळत नाही.

माझ्या मते खरा रस्ता एकच, आपली पोरं टेटच्या यादीत वर आली पाहिजेत. दहावी-बारावीच्या निकालात कोकण बोर्ड २०१२ ला वेगळं झाल्यापासून राज्यात पहिलं येतंय. ही हुशार मुलं जातात कुठे? इंजिनिअरिंग, नर्सिंग, हॉटेल मॅनेजमेंट, मुंबईत बँकेत. डीएडला जा असं त्यांना कुणी सांगत नाही कारण मधली कित्येक वर्षं भरतीच नव्हती, कॉलेजं ओस पडली, बंद झाली. चांगल्या मार्कांची पाच-सहा मुलं दर तालुक्यातून डीएलएडला गेली आणि त्यांना टेटसाठी एकत्र बसायला जागा, पुस्तकं नि एक इंटरनेट कनेक्शन मिळालं तर दहा वर्षांत चित्र बदलेल असं मला मनापासून वाटतं. रत्नागिरी नि सिंधुदुर्ग दोन्हीकडे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत, तिथल्या अधिव्याख्यात्यांना बोलवा. वाचनालयाचा हॉल संध्याकाळी रिकामाच असतो.

शिक्षणसेवकाला (म्हणजे नवीन लागलेल्या शिक्षकाला) मिळतात किती?

जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार. त्याआधी ६, ८ नि ९ हजार होते! असं तीन वर्षं, मग नियमित वेतनश्रेणी, पहिली ते पाचवीच्या शिक्षकाला मूळ पगार २९,२०० पासून सुरू होतो, वर भत्ते.

१६ हजारात भाडं, पेट्रोल, गावाकडे पाठवायचे पैसे, दिवाळीला जायचं रिझर्वेशन. त्यात कागदपत्रं तपासणी, पगारासाठी लागणारा शालार्थ आयडी हे सगळं होऊन पहिले पैसे बँकेत पडायला काही महिने जाऊ शकतात. हे महिने फार वाईट असतात, आणि गावाला माहीतच नसतं, कारण नवीन माणूस सांगत नाही. दुकानदाराला आधीच सांगून ठेवा की गुरुजींचं वहीवर लिहा. घरमालकाला सांगा डिपॉझिट आत्ता नको. एवढं केलं तरी माणूस विसरत नाही.

नवीन शिक्षक टिकत का नाहीत? त्यांना कोकण आवडत नाही का?

कोकण सगळ्यांना आवडतं, मे महिन्यात. हजर व्हायचा आदेश बऱ्याचदा जूनच्या तोंडावर येतो. लातूरकडचा पोरगा, ज्याने आयुष्यात असा पाऊस बघितलेला नाही (इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो), तो आंबा घाटातून बसने उतरतो, कपडे चार महिने वाळत नाहीत, लाईट दोन-दोन दिवस जाते, मोबाईलला रेंज सड्यावर (वरच्या कातळाच्या माळावर) गेलं तरच, घरात फुरसं (विषारी साप) निघतं, आणि जेवायला काय तर भात नि मासे, त्याला भाकरी पाहिजे. संध्याकाळी पाचनंतर वाडीत म्हाताऱ्या माणसांशिवाय बोलायला कुणी नाही. घरचे फोनवर विचारतात बदली कधी.

यातलं पाऊस नि रेंज आपण बदलू शकत नाही. बाकीचं बदलू शकतो. माझा अनुभव असा आहे की पहिला पावसाळा नि पहिला शिमगा नीट गेला की माणूस रमतो. पालखी घरात येते तेव्हा गुरुजींच्या खोलीवर पण नेली, ती नाचवायला त्यांना खांदा लावू दिला, की तो बाहेरचा राहत नाही. वाडीत कार्य असलं की त्याला आमंत्रण पाहिजे, फक्त वर्गणीच्या यादीत नाव नको. वर्गणी तर पहिल्या वर्षी मागूच नका.

आणि गावकीचं राजकारण. दोन पार्ट्यांमध्ये शिक्षकाला ओढायचं, १५ ऑगस्टला झेंडा कुणाच्या हस्ते यावरून त्याला धारेवर धरायचं, तक्रारी अर्ज करायचे, यानेच चांगली माणसं गेलेली मी पाहिलीत. पावसाने कुणी जात नाही, अपमानाने जातात.

राहायला जागा नाही, खोली कोण देणार?

दर वाडीत निम्म्या घरांना कुलूप आहे आणि शिक्षकाला खोली मिळत नाही म्हणून तो २५ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावातून मोटरसायकलने ये-जा करतो, आणि मग आपणच म्हणतो गुरुजी मुक्कामी राहत नाहीत!

घरं बंद असतात पण ती सामाईक असतात, चार भावांपैकी एकाने हो म्हटलं तरी तीन जण मुंबईत. भीती ही की भाडेकरू बसला तर उठणार नाही. दुसरी अडचण, गणपतीला नि शिमग्याला सगळे येतात तेव्हा जागा लागते. दोन्हीला उपाय आहे. ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार करा, रीतसर रजिस्टर करा, त्यात गणपतीचे नि शिमग्याचे दिवस माजघर मालकाला मोकळं असेल असं लिहून घ्या, शिक्षकाला पडवीकडची किंवा मागची खोली वेगळ्या दाराची द्या. गणपतीत तसे पण बाहेरचे शिक्षक सुट्टीवर गावी जातात. बंद घराला वाळवी लागते, कौलं सरकतात, माणूस राहिला की घर पण राहतं, हे मुंबईकर भावांना समजावून सांगायचं काम गावच्या वडीलधाऱ्यांचं.

खोलीत काय पाहिजे? आत संडास-बाथरूम, पाण्याची टाकी, दाराला आतून बाहेरून धड कडी, एक टेबल, वेगळा लाईट मीटर. शिक्षिका एकट्या असतील तर खोली वाडीच्या मधे बघा, सड्यावरची नको, आणि शक्यतो जवळपासच्या दोन शाळांतल्या दोघींची सोय एकत्र करा. एकटीला ठेवून रात्री काय लागलं तर बोलवा म्हणणं ही सोय नव्हे.

ये-जा करणाऱ्या शिक्षकांसाठी काही करता येईल का?

एसटीच्या आगार व्यवस्थापकांना ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर वेळ बदलायचं पत्र द्या, सोबत त्या गाडीने जाणारे शिक्षक, हायस्कूलची मुलं, नर्स, ग्रामसेवक यांची यादी जोडा. अर्ध्या तासाने गाडी पुढेमागे झाली तर तीन शाळांचा प्रश्न सुटतो कधीकधी. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारख्या फेरीबोटीवर अवलंबून असलेल्या शाळांचं पावसात वेगळं असतं, बोट बंद झाली की रस्त्याने मोठा वळसा. अशा दिवशी उशिराबद्दल शिक्षकाला बोलू नका, केंद्रप्रमुखांना आधीच लेखी कळवून ठेवा.

आमच्या मुलांची बोली शिक्षकांना कळत नाही आणि त्यांची मुलांना.

पहिली-दुसरीत हे फार जाणवतं. घरी मालवणी, संगमेश्वरी किंवा गाबीत वाड्यातली बोली, मुस्लिम मोहल्ल्यात कोकणी मुसलमानांची बोली, आणि समोर मराठवाड्याच्या हेलाचं मराठी. मूल गप्प बसतं आणि शिक्षकाला वाटतं याला येत नाही. पहिले दोन महिने अंगणवाडी ताई किंवा वाडीतली एखादी शिकलेली आई रोज तासभर वर्गात बसली तर दोघांचं जमतं. शिक्षकांनी पण मुलाची बोली सुधारायला जाऊ नये, आधी ऐकावी. मुलं शिक्षकाला बोली शिकवायला लागली की वर्ग मोकळा होतो, हे मी खूप ठिकाणी पाहिलंय.

आमचा शिक्षक कामगिरीवर दुसरीकडे नेलाय, परत कसा आणायचा?

तोंडी आदेशावर गेला असेल तर लेखी आदेशाची प्रत मागा, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. त्यात मुदत लिहिलेली असते किंवा नसते. मुदत नसेल तर समितीचा ठराव करून मुदत ठरवून मागा, प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांना. शाळेला कुलूप ठोकायची भाषा एकदम करू नका, त्यात मुलांचेच दिवस जातात. आणि जिकडे त्याला नेलंय ती पण मुलांचीच शाळा आहे हे लक्षात ठेवून बोला.

शिक्षक सारखे मोबाईलवर माहिती भरत बसतात, शिकवत नाहीत.

तक्रार खरी आहे पण शिक्षकावर काढू नका. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण नि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम देता येत नाही, तरी ऑनलाइन लिंका येतच राहतात, त्यात पोषण आहाराचा हिशोब, बीएलओचं (मतदारयादीचं) काम. एकशिक्षकी शाळेत हा बोजा सगळा एकावर. रेंज नाही म्हणून लिंक भरायला तो सड्यावर जातो तेवढा वेळ वर्ग उघडा. ग्रामपंचायतीच्या डाटा ऑपरेटरची मदत घेता येते, पोषण आहाराचा माल उतरवून मोजायला समितीतला कुणीतरी उभा राहू शकतो.

टीईटीचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, आमचे जुने गुरुजी जाणार का?

१ सप्टेंबर २०२५ च्या निकालाप्रमाणे ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायला पाहिजे. ज्यांची पाचपेक्षा कमी राहिली ते रिटायर होईपर्यंत राहू शकतात पण टीईटीशिवाय बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या बेंचकडे गेलाय. वीस-बावीस वर्षं शिकवलेल्या माणसाला पन्नाशीत परीक्षेला बसावं लागतंय, त्यांच्या मनावर ताण आहे. गावाने ‘गुरुजी नापास झाले तर’ असली चेष्टा करू नये. त्यांना अभ्यासाला वेळ मिळेल असं बघा, रविवारचे कार्यक्रम कमी ठेवा.

लोकवर्गणीतून आम्हीच एक शिक्षक ठेवला तर?

ठेवता येतो, स्वयंसेवक म्हणून, समितीच्या ठरावाने, मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली. पण तीन गोष्टी. मानधन दर महिन्याला वेळेवर द्या, गणपतीनंतर मंडळाचे पैसे आले की देऊ असं नको. कायम नोकरीचं आमिष दाखवू नका, पाच-पाच वर्षं मुली तीन-चार हजारात राबतात नि शेवटी हातात काही नाही. आणि स्वयंसेवक आहे म्हणून रिक्त पदाची मागणी सोडू नका, दर तीन महिन्यांनी निवेदन जात राहू दे.

आमचं खासगी अनुदानित हायस्कूल आहे, विज्ञान-गणिताचा शिक्षक टिकत नाही.

खासगी शाळांना १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा नि १९८१ ची नियमावली लागू आहे, भरती पवित्रवरूनच. मुलाखतीसह पर्याय घेतलात तर मुलाखत खरोखर घ्या, उमेदवाराला नववीच्या वर्गावर एक धडा शिकवायला लावून बघा. देणगी मागणाऱ्या संस्थेबद्दल एकच सांगतो, कर्ज काढून पैसे भरलेला शिक्षक ते फेडायला ट्यूशन काढणार, आणि शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ ने ट्यूशनला बंदी आहे. टप्पा अनुदानावरच्या (सरकार पगाराचा काही हिस्साच देतं अशा) शाळेत २०-४० टक्के पगारावर गणिताचा माणूस थांबत नाही, तिथे संस्थेने उरलेल्यातलं काही भरायलाच पाहिजे, नाहीतर निदान शाळेच्या आवारात क्वार्टर बांधा. पूर्वीच्या संस्थाचालकांनी बांधल्या होत्या, कित्येक ठिकाणी त्यांची कौलं तेवढी चढवायची बाकी आहेत.

मुंबईच्या मंडळाने शाळेला काय द्यावं? यंदा प्रोजेक्टर द्यायचा विचार आहे.

आधी शिक्षकाला विचारा. माझं विचाराल तर क्रम असा लावीन: शिक्षकाच्या खोलीची दुरुस्ती, इन्व्हर्टर, वाडीपर्यंत इंटरनेटची केबल, मग बाकीचं. गावातल्या एखाद्या मुलीची डीएलएडची दोन वर्षांची फी भरा, ते प्रोजेक्टरपेक्षा जास्त वर्षं टिकेल. स्नेहसंमेलनाला शाल-श्रीफळ देता तेव्हा नवीन शिक्षकाच्या आईवडिलांना दोन दिवस गावात बोलवा, एसटीचं भाडं मंडळाने द्या. आपलं पोर कुठे राहतं ते त्यांनी पाहिलं की फोनवरचं ‘बदली कधी’ बरंच कमी होतं.

बदली झालीच, शिक्षक निघालेत. आता?

अडवू नका, रागाने निरोप देऊ नका. कायद्याने मिळालेली बदली आहे, त्यांना पण म्हातारे आईबाप आहेत. पण जायच्या आधी एक दिवस बसून त्यांच्याकडून वही लिहून घ्या. कुठलं मूल कुठल्या धड्यावर आहे, कुणाला वाचायला जमत नाही, कुणाला फिट येते, कुणाचे वडील बोटीवर असतात आणि घरी कुणाला फोन करायचा, आधार कुणाचं अडकलंय, पोषण आहाराचा तांदूळ किती शिल्लक, यूडायसचे पासवर्ड, पंप कुठल्या बटणाने चालू होतो. ही वही समितीच्या अध्यक्षांकडे ठेवा, कारण नवीन शिक्षक यायला दोन महिने लागतील आणि मधे कामगिरीवर तीन वेगवेगळे येऊन जातील, प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ती वाचायला द्या.